कोणत्याच रिळात नसलेला फोटो

यवतच्या बाजारपेठेतील त्या फोटो स्टुडिओत दर रविवारी दुपारी जो खेळ चाले, त्याचा पहिला नियम असा होता, की चित्रपटाचे नाव घ्यायचे नाही. पत्र्याच्या जुन्या पेटीतून एक फोटो काढून टेबलावर ठेवला जाई आणि ज्याची पाळी असेल त्याने दोनच गोष्टी सांगायच्या : या फोटोच्या आधी काय घडले आणि त्यानंतर काय घडते. एखादा नवखा उत्साहाने नाव सांगू लागला, की आबा हात वर करून त्याला थांबवत.

"नाव काय, पोस्टर वाचून कुणी बी सांगंल. पिक्चर बघितलाय का, तेवढं बोला."

दुसरा नियम चहाचा होता. फोटो ठेवणाऱ्याच्या हाती चहा दिला जाई आणि त्याची बशी रिकामी होईपर्यंत उत्तर आले पाहिजे असे. त्यामुळे फोटो अवघड असला, की चहा फार गरम असल्याचे सांगून खेळणाऱ्याला मुदत वाढवून देण्याची सभ्यता आणि फोटो सोपा असला, की जीभ भाजत बशी संपवण्याचा दुष्टपणा, असे दोन्ही प्रकार मी तिथे पाहिले आहेत.

पेटी आबांची होती. गावोगावच्या जत्रांतून तंबू ठोकणाऱ्या एका टुरिंग टॉकीजमध्ये त्यांनी अर्धे आयुष्य मशीन चालवले होते. "आमचं आजं मेंढरं घिऊन फिरलं, मी तंबू घिऊन फिरलो. एका जागी बसायची सवयच न्हाई घराण्याला," असे ते म्हणत. घरोघरी टीव्ही आले, व्हिडिओ आले आणि तंबू मोडीत निघाला. मालकाने आठवण म्हणून काय हवे असे विचारले, तेव्हा आबांनी मशीन मागितले नाही, पडदा मागितला नाही. तंबूच्या दारात काचेमागे लावायचे जुने फोटो त्यांनी मागून घेतले. या फोटोंभोवती पुढे मंडळ जमले. स्टुडिओचे मालक फोटोग्राफर, त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या वहिनी, समोरच्या दुकानातील टेलरमामा आणि स्वतः आबा. या चौघांनी जुने चित्रपट त्या एकाच तंबूत, जमिनीवर बसून पाहिले होते. आबा अर्थातच मशीनमागे उभे.

या मंडळात बसण्यास मी सर्वथा अपात्र होते. माझे वडील मुख्याध्यापक. चित्रपट अभ्यासाला विघातक, हा त्यांचा सिद्धान्त आणि तो मोडण्याचे धैर्य मला त्यांच्या पश्चातही बरीच वर्षे झाले नाही. एम. ए. झाले, ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली, यवतजवळच्या महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून रुजू झाले. आयुष्यातील पहिला चित्रपट मी एक्केचाळिसाव्या वर्षी पाहिला. धाकट्या भावाने नवा सीडी प्लेयर घेतला आणि जुना माझ्याकडे आणून ठेवला, हे निमित्त. भाड्याने आणलेल्या जुन्या चित्रपटांच्या तबकड्या मी दारे लावून पाहत असे, जणू शेजाऱ्यांना कळले तर वडिलांच्या कानावर जाईल. आणि सवयीने प्रत्येक चित्रपटाचे कार्ड तयार करत असे. ग्रंथालयातील पुस्तकाचे करतात तसेच : प्रसंग, ठिकाण, कोणाच्या अंगावर काय, कोणाच्या हातात काय.

विद्यार्थ्यांच्या ओळखपत्रांच्या फोटोंसाठी स्टुडिओत गेले असताना टेबलावरचे फोटो पाहून मी नको तितका वेळ रेंगाळले. वहिनींनी ते हेरले. "मॅडम, बसा की. बघायला कुठं तिकीट हाय?" मी बसले, ती जवळजवळ वर्षभर आबांच्या पाठीमागच्या खुर्चीत गप्पच बसून राहिले.

दरवर्षी दिवाळीनंतर एका रविवारी शिरूरच्या मंडळाशी सामना होई. एक वर्ष त्यांच्याकडे, एक वर्ष आमच्याकडे. शिरूरच्या मंडळाचे प्रमुख आप्पा तिथल्या चित्रपटगृहात डोअरकीपर होते. पक्क्या भिंतींचे चित्रपटगृह, खुर्च्या, डोक्यावर पंखे. याचा त्यांना रास्त अभिमान आणि तंबूवाल्यांविषयी तितकीच प्रेमळ तुच्छता. प्रत्येक बाजूने पाच फोटो टाकायचे, बरोबरी असली तर शेवटच्या फोटोवर निकाल. जो हरेल त्याने आपल्या पेटीतील एक फोटो, जिंकणारा निवडेल तो, द्यायचा. दिलेला फोटो मागून परत मिळत नसे. जिंकूनच आणावा लागे, म्हणून तो पुढच्या सामन्याला बरोबर आणण्याचा नियम होता.

मी पहिल्यांदा गेले ते शिरूरच्या सामन्याला. चौफुल्यावरून वडापच्या, म्हणजे माणशी भाडे घेणाऱ्या, जीपमध्ये दाटीवाटीने बसून आम्ही भीमा ओलांडली, न्हावरा मागे टाकले आणि अकराच्या सुमारास आप्पांच्या ओसरीवर पोहोचलो. शेवटच्या फोटोपर्यंत दोन्ही बाजू बरोबरीत होत्या. तेव्हा आप्पांनी तो फोटो टाकला : नायिका गुडघाभर पाण्यात उभी आहे आणि हातातील पत्रांचा गठ्ठा नदीत सोडते आहे.

आबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"ही बाई वकिलाच्या पिक्चरमधली हाय. पर फोटो त्यातला न्हाई," ते म्हणाले. "त्या पिक्चरमधी नदीच न्हाई."

"नदी न्हाई?" आप्पांनी बशी हातातच धरली. "आबा, मग ते रीळ तुमच्या तंबूच्या बैलानं खाल्लं म्हणायचं!"

ओसरी हसली. टेलरमामा आणि फोटोग्राफर एका सुरात आबांच्या बाजूने बोलू लागले. नदी नाही म्हणजे नाहीच, आम्ही तीनतीनदा बघितलाय. ते खोटे बोलत नव्हते. तंबूत येणारी चित्रपटाची पेटी सगळ्यात शेवटी, सगळी गावे फिरून, झिजून येत असे. कुठे रीळ तुटलेले, कुठे जळालेला तुकडा काढून टाकलेला. तिघांनीही तीच एक तुटकी प्रत पाहिली होती.

मला मात्र नदी ठाऊक होती. नायिका निर्दोष असल्याचा पुरावा असलेली पत्रे ती स्वतःच पाण्यात सोडते, कारण त्यांत धाकट्या बहिणीची बेअब्रू आहे. आधी बहिणीचे लग्न ठरते, नंतर कोर्टाचे समन्स येते. ते कार्ड त्या क्षणी माझ्या पर्समध्येच होते. मी पुढे वाकलेही. पण ज्या माणसाने हा चित्रपट स्वतःच्या हाताने चालवला, त्याला दारे लावून दोनदा पाहिलेल्या मी सांगायचे? माझ्या शिक्षणाने मला एक गोष्ट पक्की शिकवली होती : संदर्भ तपासल्याशिवाय बोलू नये. संदर्भ पर्समध्ये होता आणि मी बशीतील चहा कमी होताना पाहत राहिले. बशी रिकामी झाली.

आप्पांनी आमची पेटी चाळली आणि झोपाळ्यावर बसलेल्या नायिकेचा एक साधासा फोटो उचलला. आबांचा हात त्या फोटोवर क्षणभर राहिला, मग बाजूला झाला.

परतताना जीप पारगावच्या पुलावर आली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "आबा, एक फोटोच तर गेला. इतकं काय मनाला लावून घेताय?"

"फोटोचं न्हाई गं," आबा बाहेर बघत म्हणाले. "त्याच्या पाठीवर तिची अक्षरं हुती."

ती म्हणजे त्यांची पत्नी. तंबूत बायकांच्या खिडकीवर तिकिटे देणारी. आबांना लिहिता-वाचता येत नव्हते. तिला येत होते. तो झोपाळ्याचा चित्रपट घेऊन लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात दोघे फिरले, आणि ज्या ज्या गावी खेळ लागला त्याचे नाव तिने त्या फोटोमागे लिहून ठेवले. ती जाऊन सहा वर्षे झाली होती. घरात तिच्या हातचे दुसरे काही लिहिलेले नव्हते.

"अहो मग आप्पांना सांगा की तसं! देतील ते."

"हरून दिलेली वस्तू मागायची व्हय? तिलाच आवडलं नसतं."

मी मागच्या बाकावर पर्स घट्ट धरून बसले होते.

पुढच्या रविवारी मी वहिनींना एका बाजूला घेऊन सगळे सांगितले. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की वडिलांच्या शाळेतील प्रार्थनेला उशीर झाल्याचे दिवस आठवले.

"तुम्हाला म्हाईत होतं? आन् मूग गिळून बसला?"

"मला वाटलं, आबांना काय वाटेल…"

"आता आबांनाच सांगा. आत्ता. माझ्यासमोर."

मी सांगितले. कार्ड टेबलावर ठेवले आणि नदीचा प्रसंग पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला. बोलताना माझी नजर टेबलाच्या कडेवरून हलली नाही. मी त्यांच्या रागावण्याची वाट पाहत होते. आबांनी कार्ड उचलून उलटसुलट केले. मग म्हणाले :

"म्हंजी तिनं चिठ्ठ्या सोताच सोडल्या? मुद्दाम?"

"हो."

"आन् मी इतकी वर्सं लोकांना सांगत आलो, की चोरानं नेल्या!"

तेव्हा कळले, की रीळ जिथे तुटलेले असे तिथे आबा मशीन थांबवून भोंग्यावरून मधली गोष्ट स्वतःच सांगत. 'मंडळी, ह्या दरम्यान तिच्या घरी चोरी झाली, चिठ्ठ्या गेल्या, आता बघा पुढं.' दहा गावांच्या लोकांनी ती चोरी खरी मानली होती. टेलरमामा तर त्या चोरावर अजून चिडून होते. "मी म्हणायचो त्याला पोलिसांनी पकडला कसा न्हाई!" आबा इतके हसले, की डोळे पुसावे लागले. नंतर मात्र त्यांनी खुर्ची माझ्यासमोर ओढली.

"बाई, आजून कायकाय बघितलं न्हाई आम्ही? सगळं सांगा."

ते वर्ष माझ्या आयुष्यातील सर्वांत बोलके वर्ष ठरले. दर रविवारी मी एकेक चित्रपट घेई आणि तंबूत न दिसलेले भाग सांगे. आबा त्यांच्या आठवणीतले सांगत : कोणत्या रिळाला पडद्यावर रेघा येत, कोणत्या गाण्याला कासुर्डीच्या बायका पुन्हा लावायला लावत. कपड्यांवरून काळ ओळखणे टेलरमामांनी शिकवले, उजेड कुठून पडला ते फोटोग्राफरनी. मी कोणाच्याही पाठीमागे बसत नव्हते. खुर्ची टेबलाजवळ आली होती, ती कोणी आणली ते मला आठवत नाही.

दिवाळीनंतर शिरूरचे मंडळ यवतला आले. आप्पांनी नियमाप्रमाणे झोपाळ्याचा फोटो बरोबर आणला होता आणि तो आल्या आल्या टेबलावर उताणा ठेवला. मग माझ्या पुढ्यातील कार्डांचा गठ्ठा पाहून म्हणाले, "मॅडम, हे पेटीत ठेवा. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवू देता का तुम्ही पोरांना?" मी मुकाट्याने कार्डे वहिनींकडे दिली.

या वेळीही शेवटच्या फोटोपर्यंत बरोबरी झाली. आप्पांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो काढला. उसाच्या बांधावर नायक आणि नायिका शेजारीशेजारी बसली आहेत. तिच्या गळ्यात मंगळसूत्र, त्याच्या हातात सोललेले उसाचे कांडके, आणि दोघेही मान मागे टाकून हसत आहेत.

चित्रपट कोणता, हे आम्ही पाचही जणांनी ओळखले. श्रीमंत बापाचे घर सोडून शेतात राबायला जाणाऱ्या मुलाची ती गोष्ट. पण हा प्रसंग कोणालाच आठवेना. वहिनींनी आप्पांच्या हातात चहा दिला. त्यांनी तो बशीत ओतला.

"आमच्या तंबूत हे रीळ तुटकं आलं असंल," आबा माझ्या कानाशी कुजबुजले. "बाई, तुमच्यात हाय का?"

मी आठवू लागले. नव्हते. पण माझ्यातही नव्हते म्हणून काय सिद्ध होत होते? माझी तबकडीही कोणीतरी कापलेलीच असणार, दोन गाणी तर मधूनच तुटत होती. गेल्या वर्षी आबा छातीठोकपणे 'यात नदीच नाही' म्हणाले होते, त्याचे काय झाले ते सगळ्यांसमोर होते.

आप्पांनी पहिला घोट घेतला.

"लग्नानंतर गावी येत्यात," टेलरमामा हळूच म्हणाले. "मग बापाचा निरोप येतो. मधी कुठंतरी आसंल हे."

"तसंच दिसतंय," फोटोग्राफर म्हणाले. आबांनी मान हलवली. उत्तर शहाणपणाचे होते. मीही तेच दिले असते. बशीत दोन घोट उरले होते आणि आबांनी बोलण्यासाठी घसा साफ केला.

मी फोटो पुन्हा पाहिला. आठवण बाजूला ठेवली आणि कार्ड करताना पाहते तसा पाहिला : कोणाच्या अंगावर काय, कोणाच्या हातात काय. त्याच्या एका हातात ऊस होता. दुसऱ्या हाताच्या मनगटावर घड्याळ होते.

"थांबा, आबा."

हे मी इतक्या मोठ्याने म्हणाले, की आत पासपोर्ट फोटोसाठी ताठ बसलेल्या गिऱ्हाइकाने पडदा सारून बाहेर पाहिले.

"उत्तर मी देते," मी म्हणाले. "हा फोटो कोणत्याच रिळात नाही."

"बाई!" टेलरमामांनी कपाळाला हात लावला. "मागच्या वर्षी ह्येच म्हणून हरलो की आपण!"

"मागच्या वर्षी आपण पाहिलं नव्हतं म्हणून नाही म्हणालो होतो. आज फोटोच सांगतोय." मी फोटोतील मनगटावर बोट ठेवले. "मुलगा घर सोडतो तेव्हा बापाने दिलेलं घड्याळ काढून टेबलावर ठेवतो. त्यानंतर शेवटपर्यंत त्याच्या मनगटावर घड्याळ नाही. शेवटी बाप स्वतः ते घेऊन शेतावर येतो आणि मुलगा ते नाकारतो. लग्न तर घर सोडल्यानंतर होतं. तिच्या गळ्यात मंगळसूत्र आहे, म्हणजे हे लग्नानंतरचं. त्याच्या मनगटावर घड्याळ आहे, म्हणजे घर सोडण्यापूर्वीचं. दोन्ही एकदम खरं असूच शकत नाही. हे नवराबायको नाहीत. शूटिंगचं काम थांबवून, स्वतःचं घड्याळ घालून, ऊस खात बसलेले दोन नट आहेत. याच्या आधी काही घडलं नाही आणि नंतरही काही घडत नाही."

आप्पांनी बशी खाली ठेवली. तिच्यात एक घोट शिल्लक होता. त्यांनी फोटो उचलला, चष्मा कपाळावर नेला आणि ते मनगट पाहिले.

"मॅडम, हा पिक्चर मी दारात उभा राहून अख्खा हंगाम बघितला," ते सावकाश म्हणाले. "ह्यो फोटो काचंत मीच लावायचो. खेळ सुटला की लोक माझी गचांडी धरायचे, ती दोघं हासत्यात ते कुठं दाखवलं म्हणून. तवापास्नं मला म्हाईत हाय, की ह्यात न्हाई. पर का न्हाई, ते आज कळलं. घड्याळ मला कवा दिसलंच न्हाई." आणि मग आबांकडे वळून, "आबा, ह्या बाईंना मागच्या वर्षी कुठं लपवलं हुतं?"

"माझ्याच मागं बसल्या हुत्या," आबा म्हणाले.

टेलरमामांनी दोन बोटे तोंडात घालून अशी शिट्टी मारली, की समोरच्या दुकानातून त्यांचा कारागीर धावत आला. वहिनींनी मला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवले. मला आयुष्यात बक्षिसे मिळाली आहेत, विद्यापीठाचे एक पदकही. टाळ्यांच्या वेळी मी नेहमी पायांकडे पाहिले आहे. त्या दुपारी मी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिले, एकेकाच्या, आणि मला ते फार आवडले.

"निवडा, मॅडम," आप्पा म्हणाले आणि आपली सगळी पेटी पुढे सरकवली. त्यात एकाहून एक फोटो होते. आबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते, मुद्दाम. मी पेटी उघडली नाही. टेबलावर उताणा ठेवलेला झोपाळ्याचा फोटो उचलला.

"एवढाच?" आप्पा म्हणाले. मग माझ्या हातातील फोटोची पाठ आणि आबांचा चेहरा त्यांना एकदमच दिसला असावा. "पाठीमागं कुणीतरी लिव्हलंय, म्हणून मी त्यो आल्बमात चिकटवला न्हाई," ते म्हणाले. "डिंकानं अक्षरं गेली असती."

आबांनी त्यांचा हात हातात घेतला, दाबला आणि सोडला. मग मला म्हणाले, "वाचा, बाई."

निळ्या शाईतील गोल, सुटी अक्षरे. शाळेत सुलेखनाला चांगले गुण पडले असतील अशी. मी वाचू लागले. यवत. कासुर्डी. खुटबाव. पुढे आणखी गावे होती आणि शेवटून दुसऱ्या ओळीत पुन्हा खुटबाव आले. चूक समजून मी थांबले.

"दोनदाच हाय ते," आबा डोळे मिटून म्हणाले. "खुटबावच्या लोकांनी माघारी बोलावलं हुतं आम्हाला. वाचा पुढं. आन् मोठ्यानं वाचा, मागच्या रांगंला ऐकू गेलं पायजे."

मी उभी राहिले आणि पहिल्या गावापासून पुन्हा सुरुवात केली.